नव्या ०.२२ पिस्तुलात काडतूस अडकते : दोष मॅगझिनचा, काडतुसांचा की पिस्तुलाचा?

पंचगंगाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी कोल्हापुरात २५ मीटर पिस्तूल प्रकाराचा सराव करते. राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तोच हा प्रकार. आतापर्यंत माझा सराव क्लबच्या पिस्तुलावर चालत असे. परवाना आणि आयातीची कागदपत्रे पूर्ण झाल्यावर अलीकडेच माझे स्वतःचे ०.२२ लाँग रायफल काडतुसाचे अर्धस्वयंचलित पिस्तूल हाती आले. ज्याची इतकी वाट पाहिली, ते पिस्तूल पाच गोळ्यांची एक मालिकासुद्धा धड पूर्ण होऊ देत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष पिस्तुलाचा आहे की नाही हेच अजून ठरलेले नाही. बॅरल (नळी) स्थिर आहे, बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा भाग, मागे-पुढे सरकतो, मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, चापाच्या पुढे खालून बसते आणि त्यात पाच काडतुसे मावतात. सोबत दोन मॅगझिन आली आहेत. काडतुसे दोन प्रकारची वापरली : एक साध्या वेगाची, स्पर्धेसाठी बनवलेली, आणि दुसरी हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाची, कारण त्या वेळी दुकानात तीच मिळाली.

तक्रारी अशा आहेत. मालिकेतले तिसरे किंवा चौथे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, जाताना अर्ध्यात अडकते. त्याचे नाक चेंबरच्या खालच्या काठाला टेकलेले असते आणि काढून पाहिले तर शिशाचा एक कोपरा चेपलेला दिसतो. काही वेळा बोल्ट बंद झाल्यासारखा वाटतो, पण तो पूर्ण बसलेला नसतो. बाजूने पाहिले तर केसाएवढी फट दिसते आणि चाप ओढूनही गोळी सुटत नाही. शिवाय मधूनच रिकामी पुंगळी बाहेर न पडता बोल्टच्या तोंडात उभी अडकून राहते.

क्लबमधील एकाचे म्हणणे असे की, चेंबरकडे जाणारा उतार बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावा. दुसऱ्याचे म्हणणे असे की, पिस्तूल नवीन आहे, चालवत राहिल्यावर ते आपोआप मोकळे होईल. पहिल्या सल्ल्याची मला भीती वाटते आणि दुसऱ्यावर विश्वास बसत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

बालेवाडीकर

ताई, पॉलिश पेपर पिस्तुलाच्या जवळही नेऊ नका. त्याची कारणे पुढे येतीलच. त्याआधी अडकलेले काडतूस काढण्याची पद्धत लिहितो, कारण नवे पिस्तूल वारंवार अडकू लागले की हात घाई करू लागतो आणि रेंजवरचे अपघात याच घाईतून होतात.

काडतूस अडकले की नळीचे तोंड लक्ष्याकडेच राहिले पाहिजे आणि बोट चापावरून बाहेर आले पाहिजे. मग मॅगझिन काढावे, बोल्ट मागे ओढून तिथेच अडकवावा, काडतूस बाहेर पडू द्यावे आणि चेंबर डोळ्यांनी पाहून खात्री करावी. चाप ओढल्यावर नुसता खट्ट असा आवाज येऊन गोळी सुटली नाही, तर पिस्तूल तसेच लक्ष्याकडे धरून किमान ३० सेकंद थांबावे, कारण क्वचित प्रसंगी दारू उशिरा पेटते. आवाज नेहमीपेक्षा मंद किंवा फुसका आला, तर पुढची गोळी अजिबात झाडू नये. गोळी नळीतच राहिलेली असू शकते आणि तिच्या मागून दुसरी गेली तर नळी फुगते किंवा फुटते. अशा वेळी पिस्तूल रिकामे करून, नळीत सळई घालून ती मोकळी असल्याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता मूळ विषय. आपण तीन तक्रारी एका दमात लिहिल्या आहेत, पण त्या पिस्तुलाच्या कामातल्या तीन वेगवेगळ्या क्षणांच्या आहेत. गोळी सुटते तेव्हा पुंगळी मागे ढकलली जाते आणि त्याच धक्क्याने बोल्ट मागे जातो. एक्स्ट्रॅक्टरने पुंगळीची कड धरलेली असते. इजेक्टर तिला टोला देऊन बाहेर फेकतो. तेवढ्या अवकाशात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचे काडतूस वर, ओठांपर्यंत, म्हणजे मॅगझिनच्या तोंडावरच्या आत वळलेल्या कडांपर्यंत, आणून उभे केले पाहिजे. मग बोल्ट पुढे येताना त्या काडतुसाची मागची कड पकडतो, ते ओठांखालून सरकते, त्याचे नाक उतारावरून वर चढते आणि ते चेंबरमध्ये बसते. पुंगळी उभी अडकते ती पहिल्या भागात, नाक खाली टेकते ते मधल्या भागात आणि फट राहते ती अगदी शेवटी. तिन्हींचे कारण एकच असेल असे धरून चाललात, तर शोध भरकटेल.

नाक खाली टेकणे हे बहुतेक वेळा मॅगझिनचे लक्षण असते. काडतूस पुरेसे वर आलेले नसते, त्यामुळे बोल्ट त्याच्या कडेचा फक्त वरचा भाग पकडतो आणि ते पुढे जाण्याऐवजी नाकावर पडते. मॅगझिन पूर्ण वर बसलेले नसले तरी हेच होते. ते खटक्याच्या आवाजापर्यंत बसवून एकदा खाली ओढून पाहत जा. आपण लाकडी मूठ आपल्या हाताप्रमाणे घासून किंवा पुटी लावून घेतली असेल, तर तिचा कुठला भाग मॅगझिनच्या तळाला किंवा खटक्याला अडत नाही ना, हेही पाहा. वाल्थर जीएसपी किंवा पार्डिनी एसपीसारख्या पिस्तुलांत मॅगझिन चापाच्या पुढे असल्याने हा त्रास कमी होतो. जुन्या हॅमर्ली २०८ मध्ये ते मुठीतच बसते, तिथे मुठीच्या आकाराकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

आपणास एक काम सांगतो. दोन्ही मॅगझिनच्या तळावर मार्करने १ आणि २ असे आकडे घाला. पुढच्या सरावाला मॅगझिन १ साध्या काडतुसांसह, मॅगझिन २ साध्या काडतुसांसह, मग दोन्ही हाय व्हेलॉसिटीसह, अशा चारही जोड्या स्वतंत्रपणे चालवा. अडकले की वहीत तीनच गोष्टी लिहा : कोणते मॅगझिन, मालिकेतले कितवे काडतूस आणि काडतूस कशा स्थितीत अडकले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्या वहीतून जे कळेल ते इथे आम्ही दहा जणांनी लिहूनही कळणार नाही.

---

जुना_कारागीर

बालेवाडीकरांशी मी पूर्ण सहमत आहे. माझे आयुष्य परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात गेले आहे, म्हणून उताराविषयी थोडे स्पष्ट लिहितो.

त्या उताराचा कोन आणि त्याचा चेंबरच्या काठाशी होणारा मिलाफ कारखान्यात ठरवलेला असतो. घासताना हात थोडा जरी कलला तरी तो काठ गोलावतो. ०.२२ च्या पुंगळीची भिंत पातळ असते. काठ गोलावला की तिच्या बुडाजवळचा भाग आधाराविना राहतो आणि तिथे पुंगळी फुटू शकते. घासलेला धातू परत येत नाही आणि वॉरंटीही संपते. कायद्याची बाजूही आहेच : शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीसाठी वेगळा परवाना लागतो. साफसफाई, वंगण, मॅगझिन उघडून पुसणे ही मालकाची कामे आहेत. कानस आणि पॉलिश पेपर ही मालकाची कामे नव्हेत.

आता मॅगझिन कसे तपासायचे ते सांगतो. रिकामे मॅगझिन घ्या. पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने फॉलोअर, म्हणजे काडतुसांखालची ती सरकती पट्टी, तळापर्यंत दाबा आणि अगदी सावकाश वर येऊ द्या. ती एका लयीत वर आली पाहिजे. एखाद्या ठिकाणी क्षणभर थबकून मग उडी मारल्यासारखी आली, किंवा एका बाजूला कलली, तर दोष तिथेच आहे. नंतर मॅगझिन उजेडाकडे धरून वरचे दोन्ही ओठ समोरून पाहा. ते एकमेकांना समांतर आणि सारख्याच उंचीवर हवेत. दोन मॅगझिन शेजारी धरली की लहानसा फरकही डोळ्याला दिसतो. ओठ जास्त उघडे असतील तर काडतूस लवकर सुटते आणि नाक वर उडून चेंबरच्या वरच्या काठाला लागते. जास्त मिटलेले असतील तर ते उशिरा सुटते आणि नाक खालीच राहते. मॅगझिन काँक्रीटवर ओठांवर पडले की हमखास असे होते. आतल्या कडांवर पितळेचा किंवा शिशाचा चकचकीत ओरखडा दिसतो का, तेही पाहा. काडतूस जिथे घासते तिथे ते खूण ठेवते.

मॅगझिन आतून कोरडे ठेवावे. तेल घातल्याने ते छान चालेल असे वाटते, पण त्यात धूळ आणि काडतुसांवरचे मेण मिसळून चिकट लगदा होतो आणि तोच फॉलोअरला धरून ठेवतो.

भरताना घ्यायची काळजी सगळ्यात महत्त्वाची. ०.२२ चे काडतूस कडेचे आहे : पुंगळीचा मुख्य भाग सुमारे ५.७ मिमी, तर मागची कड सुमारे ७.१ मिमी. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड नेहमी खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे हवी. ती मागे राहिली, तर बोल्टने वरचे काडतूस पुढे ढकलताच त्याची कड खालच्या कडेला अडकते आणि दोन्ही मिळून रुतून बसतात. म्हणून प्रत्येक काडतूस भरताना ते मागच्या भिंतीला टेकवा, पण आधीच्या कडेवरून ते पुढच्या बाजूने उतरले आहे याची खात्री करा. घाईने अंगठ्याने दाबत भरले की पाचातले एखादे उलटे बसते. पुष्कळ वेळा 'पिस्तूल अडकते' ही तक्रार प्रत्यक्षात या एका सवयीची असते. तुमच्या बाबतीत तसेच आहे असे मी म्हणत नाही. पण हे कारण आधी वगळले पाहिजे.

---

अजिंक्यतारा

विषयाला धरूनच एक प्रश्न विचारतो. माझ्याकडे परवान्याचे ०.३२ चे पिस्तूल आहे. त्याचे काडतूस कडेचे नाही, असे दुकानदाराने सांगितले होते. मग कडा अडकण्याचा हा प्रकार माझ्या पिस्तुलात होणार नाही ना?

---

जुना_कारागीर

अजिंक्यतारा, तुमच्या पिस्तुलाचे काडतूस ७.६५ ब्राउनिंग, म्हणजेच ०.३२ एसीपी असणार. ते अर्धे कडेचे आहे. कड पुंगळीपेक्षा थोडीशीच मोठी असते, म्हणून नजरेत भरत नाही. पण कडा एकमेकींत अडकणे त्यातही शक्य आहे. मॅगझिनमध्ये काडतुसांना मागे-पुढे हलायला जास्त जागा असेल, म्हणजे काडतूस लांबीने थोडे आखूड असेल, तर तो धोका वाढतो. भरताना वर सांगितलेलीच काळजी घ्यावी आणि पिस्तुलाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या लांबीचीच काडतुसे वापरावीत.

---

मिशिगनवासी

इथे अमेरिकेत मी ९ मिमीचे पिस्तूल वापरतो. माझा अनुभव असा की, नव्या पिस्तुलाची स्प्रिंग कडक असते आणि मनगट सैल पडले की स्लाइड (बोल्टसारखा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) पूर्ण मागे जात नाही. मग पुंगळी उभी अडकते किंवा पुढचे काडतूस वर येत नाही. ताईंच्या पुंगळीच्या तक्रारीमागे पकड हे कारण असू शकेल काय? इथले बरेच जण पहिले काही डबे थोडी जोरदार काडतुसे चालवून स्प्रिंग मोकळी करावी असे सांगतात.

---

बालेवाडीकर

मनगटाचा मुद्दा योग्य आहे. पिस्तुलाला मागे टेकायला घट्ट आधार मिळाला नाही, तर पूर्ण पिस्तूलच मागे सरकते आणि बोल्टचा प्रवास तोकडा पडतो. मात्र ताई वर्षानुवर्षे एका हाताने नेम धरत आल्या आहेत आणि क्लबच्या पिस्तुलावर त्यांना हा त्रास नव्हता, तेव्हा पकड मी यादीत बरीच खाली ठेवेन.

जोरदार काडतुसांचा सल्ला मात्र ०.२२ च्या स्पर्धा-पिस्तुलाला लागू करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ९ मिमी आणि ०.२२ यांच्यात मूळ रचनेचाच फरक आहे. ९ मिमीचे काडतूस बिनकडेचे असून चेंबरमध्ये ते पुंगळीच्या तोंडावर टेकते, ०.२२ चे काडतूस कडेवर टेकते, त्याची गोळी उघड्या शिशाची किंवा वरून पातळ मुलामा दिलेली असते आणि तिच्यावर मेणाचा थर असतो. स्पर्धेची पिस्तुले साध्या वेगाच्या काडतुसांसाठी जुळवलेली असतात : साधारण ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी आणि सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर वेग. हाय व्हेलॉसिटी काडतुसाचा वेग ३७० मीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. त्याने बोल्ट इतक्या वेगाने मागे जाऊन परत येतो की, मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचे काडतूस वर आणायला पुरेसा वेळ मिळत नाही. मग बोल्ट काडतुसाच्या वरून निघून जातो आणि चेंबर रिकामेच राहते, किंवा काडतूस वाकडेतिकडे पकडले जाते. शिवाय तो जास्तीचा धक्का पिस्तुलाच्या मागच्या भागाला सोसावा लागतो. पुस्तिकेत हाय व्हेलॉसिटीला स्पष्ट परवानगी नसेल, तर ती काडतुसे बाजूला ठेवणे हेच बरे.

नवे पिस्तूल चालवत राहिले की थोडे मोकळे होते हे खरे आहे. घासणारे भाग एकमेकांना सरावतात, स्प्रिंगचा पहिला ताठपणा जातो. पण मॅगझिनमधला दोष चालवत राहिल्याने जात नाही. तिथे वाट पाहण्यात फक्त काडतुसे खर्च होतात आणि त्यांची किंमत आपल्याकडे किती जड जाते हे सर्वांना ठाऊक आहे.

---

आतला_दहा

दोन गोष्टी कोणी लिहिलेल्या दिसल्या नाहीत.

पहिली : पिस्तूल खोक्यातून काढल्यावर पूर्ण साफ केले होते का? कारखान्यातून निघताना गंज लागू नये म्हणून आत जो थर दिलेला असतो, तो वंगण नव्हे. तो घट्ट असतो. बोल्टच्या तोंडात, एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली आणि चेंबरमध्ये बसलेला असतो. त्यात पहिल्याच दिवशी मेण आणि काजळी मिसळली की एक्स्ट्रॅक्टरचे नख पुरेसे मिटत नाही, पकड सुटते आणि पुंगळी उभी राहते. चेंबरमध्ये तो थर राहिला तर काडतूस शेवटच्या अंशाने बसत नाही आणि तुम्ही लिहिलेली केसाएवढी फट राहते. एक्स्ट्रॅक्टरखालची जागा लाकडी टूथपिकने कोरून बघा, किती काय निघते ते पाहून आश्चर्य वाटेल. नंतर चेंबरला योग्य मापाचा ब्रश, सॉल्व्हंट आणि मग कोरडी चिंधी. सळई शक्य तिथे चेंबरच्या बाजूनेच घालावी, म्हणजे नळीच्या तोंडाच्या कडेला इजा होत नाही. तेल अगदी थोडे, आणि तेही फक्त बोल्ट जिथे सरकतो त्या खाचांना.

दुसरी : कोरडा सराव. बऱ्याच ०.२२ शस्त्रांत चेंबर रिकामे ठेवून चाप ओढला, तर फायरिंग पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते, कारण कडेच्या काडतुसात तिला तिथेच आघात करायचा असतो. काही काळाने त्या काठावर बारीक खड्डा पडतो आणि धातूचा उंचवटा आत येतो. मग काडतूस त्या एका जागी खरवडत जाते. आपल्या पिस्तुलाला कोरड्या सरावाची वेगळी सोय आहे का, ते पुस्तिकेत पाहावे आणि नसेल तर त्यासाठी मिळणारे नकली काडतूसच वापरावे. क्लबमध्ये नवे पिस्तूल आले की प्रत्येक जण कौतुकाने हातात घेऊन चाप ओढून पाहतो. ते आपुलकीने होत असले तरी थांबवावे.

---

पंचगंगाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वही घालून, आकडे टाकून सर्व जोड्या चालवून पाहिल्या. सुरुवातीला 'आतला दहा' यांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण सफाई केली. एक्स्ट्रॅक्टरखालून पिवळसर, मेणासारखा थर निघाला; तो काढल्यापासून पुंगळी उभी अडकण्याची तक्रार पुन्हा आलेली नाही. चेंबरच्या काठावर भिंगाने पाहिले, खड्डा नाही.

वहीतून जे दिसले ते माझ्या अंदाजापेक्षा अगदी वेगळे आहे. मॅगझिन १ साध्या काडतुसांसह एकदाही अडकले नाही. मॅगझिन २ दोन्ही प्रकारच्या काडतुसांसह अडकले आणि अडकले ते जवळजवळ नेहमी चौथ्याच काडतुसाला, नाक खाली टेकून. बोल्ट पूर्ण न बसण्याचा प्रकार मात्र सफाईनंतरही थोडा उरला आहे. तो दोन्ही मॅगझिनमध्ये होतो, पण फक्त हाय व्हेलॉसिटी काडतुसांबरोबर.

मग मॅगझिन २ पेन्सिलीने दाबून पाहिले. फॉलोअर खालून निम्म्याच्या पुढे येतो तिथे डावी बाजू क्षणभर थांबते, उजवी वर येते, आणि मग डावी बाजू एकदम उडी घेते. बाजूच्या ज्या लांबट खाचेतून फॉलोअरची कळ बाहेर आलेली असते, त्या खाचेच्या आतल्या कडेवर नखाला खरखर लागते आणि उजेडात धरल्यावर तिथे एक बारीक चमकती रेघ दिसते. कापताना राहून गेलेला धातूचा काटा असावा, असे वाटते.

चौथेच काडतूस का, हे मला अजून नीट उलगडलेले नाही. आणि तो काटा आपण काढावा, की मॅगझिन बदलून घ्यावे?

---

जुना_कारागीर

ताई, इतक्या नीट नोंदी घेतल्या की कारागिराचे निम्मे काम झालेले असते.

चौथ्या काडतुसाचे उत्तर तुमच्याच निरीक्षणात आहे. तिसरे काडतूस चेंबरमध्ये जाते तेव्हा मॅगझिनमध्ये दोन उरतात आणि फॉलोअरला एक काडतूसभर वर यायचे असते. त्याच उंचीवर तो काटा आहे. फॉलोअर तिथे थबकतो, डावीकडे कलतो, चौथे काडतूस ओठांना टेकण्याऐवजी खालीच राहते आणि बोल्ट त्याला नाकावर पाडतो. त्याच्या आधी काटा मध्ये येत नाही, म्हणून पहिली तीन बिनतक्रार जातात. पाचव्याच्या वेळी तुम्ही अडकलेले काडतूस काढताना मॅगझिन हलवलेले असते, त्यामुळे फॉलोअर काट्यावरून पुढे गेलेला असतो.

ज्यांना हे पुढे वाचून उपयोगी पडावे त्यांच्यासाठी लिहितो : अडकणाऱ्या काडतुसाचा क्रमांक बरेच काही सांगतो. पहिलेच अडकत असेल तर ते हाताने भरतानाचे असते. बऱ्याचदा बोल्ट हाताने धरूनच सावकाश पुढे सोडला जातो आणि त्याला पुरेसा जोर मिळत नाही. तो पूर्ण मागे ओढून मोकळा सोडावा. भरलेल्या मॅगझिनची स्प्रिंग सर्वांत जास्त दाबलेली असते, तेही एक कारण. शेवटचेच अडकत असेल, तर स्प्रिंग सर्वांत सैल असते त्या वेळी तिचा जोर पुरत नाही, असे समजावे. स्प्रिंग अशक्त आहे किंवा उलटी बसवली आहे. नेहमी एकच मधले काडतूस अडकत असेल, तर मॅगझिनच्या भिंतीत त्या उंचीवर काहीतरी आहे. आणि कुठलेही, कधीही अडकत असेल, तर मॅगझिन सोडून काडतुसे, सफाई आणि एक्स्ट्रॅक्टर यांकडे पाहावे.

काटा आपण काढू नका. काम मिनिटभराचे आहे हे मला माहीत आहे, पण मॅगझिन नवे आहे, वॉरंटीत आहे, आणि एकदा कानस लागली की विक्रेता बदलून देताना खळखळ करील. वहीच्या नोंदी आणि त्या रेघेचा जवळून काढलेला फोटो पाठवा.

---

बालेवाडीकर

हाय व्हेलॉसिटीसह राहणाऱ्या फटीविषयी लिहितो. स्पर्धा-पिस्तुलाचे चेंबर मुद्दाम घट्ट कापलेले असते, कारण त्याने गोळी नळीच्या खाचांत सरळ शिरते आणि गोळ्यांचा समूह लहान येतो. गोळीचा आकार थोडा जाडजूड असेल, तर ती कडेवर टेकण्याआधीच खाचांना लागते. रेंजवर, नळी लक्ष्याकडे ठेवून, मॅगझिन काढून, दोन्ही प्रकारचे एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये सोडून पाहा. साध्या वेगाचे काडतूस जवळजवळ पूर्ण आपल्या वजनाने जाईल आणि शेवटी अंगठ्याचा हलका दाब पुरेल. त्या दुसऱ्या काडतुसाला स्पष्ट जोर लावावा लागला, तर पिस्तुलाचा दोष नाही. ते काडतूस या चेंबरचे नव्हे. जोराने आत घातलेले काडतूस काढताना गोळी खाचांत अडकून पुंगळी निसटू शकते आणि दारू आत सांडते, म्हणून फार दाबू नका.

साध्या वेगाच्याही दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसे आणून पाहावीत. पिस्तुलासाठी म्हणून मुद्दाम बनवलेली काडतुसे मिळतात. त्यांचे मेण आणि दारू अर्धस्वयंचलित कामाचा विचार करून ठरवलेली असतात. जे काडतूस तुमच्या पिस्तुलात न अडकता चालेल, त्याच्याच एका लॉटचा जमेल तेवढा साठा, परवान्याच्या मर्यादेत, करून ठेवावा.

---

रेंज_पंच

हा धागा स्पर्धेत उतरणारी मंडळी वाचत असतील, म्हणून नियमांची बाजू लिहितो. २५ मीटर पिस्तुलाच्या अचूकतेच्या टप्प्यात पाच गोळ्यांना पाच मिनिटे असतात. तिथे एखादे काडतूस अडकले तरी मन स्थिर ठेवता येते. जलद टप्प्यात मात्र लक्ष्य तीन सेकंदांसाठी दिसते आणि मध्ये सात सेकंदांची विश्रांती असते. तिथे पिस्तूल अडकले की बहुतेक नवे नेमबाज सवयीने बोल्ट ओढून काडतूस मोकळे करू पाहतात. तसे करू नये. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पिस्तूल लक्ष्याकडे धरून, मूठ न सोडता, मोकळा हात वर करून पंचांना कळवावे. पिस्तुलाला हात लावून दुरुस्तीचा प्रयत्न केला, की एखादा भाग मोडला असल्याशिवाय तो बिघाड ग्राह्य धरला जात नाही.

मॅगझिन नीट न बसवणे, त्यात कमी काडतुसे भरणे, सुरक्षा खटका न काढणे हे सर्व नेमबाजाकडून झालेले मानले जाते आणि त्या न झाडलेल्या गोळ्या शून्य धरल्या जातात. म्हणून मॅगझिन बसवल्यावर ते खाली ओढून पाहण्याची सवय, जी वर बालेवाडीकरांनी सांगितली, ती प्रत्येक मालिकेत पाळावी. काटा असलेले मॅगझिन २ बदलून मिळेपर्यंत स्पर्धेच्या पेटीत ठेवूच नका. घाईत तेच हाताला लागते.

---

पंचगंगाकाठ (धागाकर्ती)

विक्रेत्याने नोंदी आणि फोटो पाहून मॅगझिन बदलून दिले, फार विचारपूस केली नाही. नव्या मॅगझिनवर ३ असा आकडा टाकला आहे आणि पेन्सिलीची तपासणी करूनच ते पिस्तुलाला लावले. फॉलोअर खालपासून वरपर्यंत एका लयीत येतो. चौथे काडतूस आता इतरांसारखेच जाते.

हाताने सोडून पाहण्याची तपासणी रेंजवर आमच्या प्रशिक्षकांच्या समोर केली. हाय व्हेलॉसिटी काडतुसाची कड थोडी बाहेरच राहते आणि ते दाबावे लागते. साध्या वेगाचे सहज बसते. हाय व्हेलॉसिटी काडतुसे बाजूला ठेवली आहेत. साध्या वेगाच्या आणखी एका कंपनीची काडतुसेही बिनतक्रार चालली.

शेवटचा एक प्रश्न : सरावाला जाण्याआधी घरीच मॅगझिन भरून ठेवली तर स्प्रिंग लवकर सैल होते का?

---

जुना_कारागीर

स्प्रिंग सतत दाबून ठेवल्याने जितकी झिजते, त्याहून जास्त ती पुन्हा पुन्हा दबल्याने आणि सुटल्याने झिजते, तेव्हा त्या भीतीने रात्र काढायचे कारण नाही. तरीही ०.२२ ची मॅगझिन घरी भरू नयेत असेच मी सांगेन. वाहतुकीत पिस्तूल आणि मॅगझिन रिकामी असावीत हा पहिला मुद्दा. दुसरा असा की, मेणाच्या काडतुसांना पिशवीतली धूळ आणि कापडाचे तंतू चिकटतात आणि तेच चेंबरमध्ये जातात. त्यातून हलत-डुलत जाताना कडांची मांडणी बदलू शकते. रेंजवर, मालिकेच्या आधी, एकेक कड पाहून पाच काडतुसे भरायला कितीसा वेळ लागतो?

मॅगझिन महिन्यातून एकदा उघडून कोरड्या कापडाने पुसा. उघडताना स्प्रिंगचा वरचा वेटोळा कोणत्या दिशेला आहे त्याचा आधी फोटो काढून ठेवा, कारण ती उलटी बसवली तर शेवटचे काडतूस अडकू लागते. सफाईनंतर आणि काडतुसे हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका, ०.२२ च्या गोळीत आणि दारूच्या आघातमिश्रणातही शिसे असते.